दांडा, बोल्ट आणि पाइप

पुढचा दणका तेलाने जिरवणारा टेलिस्कोपिक फोर्क नियमित उत्पादनातल्या मोटारसायकलवर पहिल्यांदा आणला बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर. तेलाचा दणका-जिरव नसलेल्या, नुसत्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या डेन्मार्कच्या निंबसने वर्षभर आधीच लावल्या होत्या. त्याआधीचे गर्डर फोर्क उघडेच असत. स्प्रिंग आणि बोल्ट डोळ्यांसमोर, साध्या पान्यांनी काम भागायचं. तेल आलं तसं ऑइल सील आलं, आणि सील गळलं की फोर्क खोलणं आलं.

ब्रिटिश गाड्यांनी घरच्या मिस्त्रीला पहिला धडा दिला. नॉर्टनच्या रोडहोल्डर फोर्कची नळी वरच्या योकमध्ये (दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या तुकड्यात) टेपरवर घट्ट बसते. वरचा नट थोडा सैल करून त्यावर ठोका दिला की ती सुटते, पण बसवताना तिला योकमधून वर ओढून घ्यावं लागतं. त्यासाठी कंपनीचं आट्यांचं खास अवजार होतं. ते नसलेल्यांनी जुन्याच नटाला लोखंडी रॉड वेल्ड करून घेतला. हे अवजार कंपनीच्या अवजारापेक्षा कमी प्रतीचं नव्हतं, कारण आटे मुळातच त्याच गाडीचे होते.

खरी परीक्षा घेतली ती जपानी फोर्कने. १९८०च्या दशकात होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांच्या भागीदारीतल्या १०० सीसी गाड्या भारतात आल्या, तशी ही रचना गावोगाव पोचली. फोर्कच्या खालच्या केसच्या तळाला एक अ‍ॅलन बोल्ट असतो आणि तो दणका जिरवणाऱ्या आतल्या डॅम्पर रॉडमध्ये आवळलेला असतो. बोल्ट फिरवला की रॉडही सोबत गरगर फिरतो, बोल्ट काही सुटत नाही. रॉड धरायचा तर हात दीड-दोन फूट खोल नळीत घालायला हवा.

म्हणून जाणता माणूस स्प्रिंग आत असतानाच बोल्ट सैल करून घेतो. स्प्रिंगच्या दाबाने रॉड बऱ्याचदा जागेवर राहतो. तेवढ्याने जमलं नाही तर झाडूचा दांडा. टोक निमुळतं तासायचं, वरून घालून रॉडच्या तोंडात ठोकून बसवायचं आणि एकाने दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने खालून अ‍ॅलन की फिरवायची. लाकूड रॉडच्या कडेत रुततं, धातूला ओरखडा येत नाही. काही रॉडच्या तोंडाला षटकोनी खाच असते. तिथे त्याच मापाच्या डोक्याचा बोल्ट लांब पाइपला वेल्ड करतात, किंवा आट्यांच्या रॉडवर दोन नट एकमेकांवर आवळतात. स्पार्क प्लगचा षटकोन मापात बसला तर जुना प्लगही चालतो.

नवं सील ठोकायला नळीवरून जाईल असा पीव्हीसी पाइप घेतात आणि मधे जुनं सील ठेवतात, म्हणजे ठोका सगळीकडे सारखा बसतो. तेलाच्या पातळीची युक्ती तर फारच देखणी: सिरिंजला सलाइनची नळी जोडायची, हव्या त्या खोलीपर्यंत ती आत सोडायची आणि जास्तीचं तेल ओढून घ्यायचं. पातळी आपोआप मापात येते.

२०१२ साली चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूक २००मुळे उलटे, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक नळी खाली असलेले फोर्क भारतातल्या साध्या ग्राहकाच्या आवाक्यात आले. अशा अनेक फोर्कमध्ये झाकण आतल्या रॉडला जोडलेलं असतं. स्प्रिंग खाली दाबून धरल्याशिवाय त्याखालच्या नटाला पाना लागत नाही. इथे झाडूच्या दांड्याचा उपयोग नाही. सामान बांधायचा रॅचेट पट्टा स्प्रिंग दाबतो आणि पत्र्यात खाच कापून केलेली पट्टी नटाखाली सरकवली जाते.