कार-टी सेल थेरपी म्हणजे काय?
आपल्या रक्तातल्या टी-सेल्स म्हणजे शरीराचा अँटीव्हायरसच. पण कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली असल्याने बऱ्याचदा स्कॅनमधून सुटते. या थेरपीत पेशंटच्या टी-सेल्स काढून लॅबमध्ये त्यांच्यात नवीन जीन टाकतात आणि परत शरीरात सोडतात. मग त्या ‘सीडी१९’ प्रोटीन दिसलं की ती पेशी मारतात. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलमध्ये तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात ३-४ कोटी लागतात, इथे साधारण ३०-४० लाख. नेवाशातल्या शेतकरी कुटुंबाला तेही जडच.

लक्षात ठेवा, ही थेरपी बी-सेलच्या ठरावीक ब्लड कॅन्सरसाठीच आहे, तीही आधीचे उपचार चालले नाहीत तर. ‘सगळ्या कॅन्सरवर इलाज’ असा मेसेज आला तर फॉरवर्ड करू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.