रूळ उखडले, मग नकाशात काय उरावे?

कुर्डुवाडी-लातूर रेल्वेचा नकाशा काढायचा, तर कोणता काढायचा? आजचा की कालचा?

बार्शी लाइट रेल्वेचा बार्शी-कुर्डुवाडी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर ठेवले. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ नये, अशी रचना केली. भार असा वाटला गेल्याने हलके रूळ पुरले आणि खर्च वाचला. १९११ मध्ये गाडी लातूरला पोहोचली. पुढे १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज आली. २००८ मध्ये हे काम पूर्ण झाले तेव्हा नवा मार्ग उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहराकडून वळवलेला होता. जुनी वाट काही भागात तशीच मागे राहिली.

अशा वाटांची नोंद कोण ठेवणार? मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यामुळे साध्या यंत्रानेही दहा-वीस मीटरपर्यंत अचूक स्थान कळू लागले. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा खुला नकाशा सुरू केला. तेथील सरकारी नकाशे तेव्हा मोकळेपणी वापरता येत नसत. या नकाशात स्वयंसेवक बिंदू जोडून रेषा काढतात आणि तिच्याबरोबर गेज, विद्युतीकरण, मार्ग चालू की बंद, हे नोंदवतात. दुसऱ्याच्या नकाशावरून नक्कल मात्र चालत नाही.

उपग्रहचित्रांत जुनी वाट शोधताना आम्ही आधी वळणे पाहतो. बैलगाडीची वाट झटकन वळते. रेल्वे मोठ्या त्रिज्येने वळते आणि शेतांचे बांध तिरके छेदत जाते. पण कालवाही सावकाशच वळतो! म्हणून चित्र पुरेसे नाही. भराव, मोऱ्या, पुलांचे खांब प्रत्यक्ष पाहावे लागतात, गावातल्या जुन्या माणसांना विचारावे लागते.

स्वयंसेवकांत वाद आहे तो इथेच. जमिनीवर खूण दिसते, तोवर ‘बंद पडलेला मार्ग’ म्हणून रेषा ठेवायला फारशी हरकत नसते. पण भराव सपाट करून ज्वारी पेरली, तर? काही म्हणतात, आज जे दिसते तेवढेच नकाशात असावे. उरलेल्यासाठी ‘ओपनहिस्टॉरिकलमॅप’ हा वेगळा नकाशा आहे. इतरांना वाटते, एकदा पुसलेली रेषा पुन्हा कोणी शोधणार नाही. आम्हाला पहिले मत पटते, पण एका अटीवर : पुसण्याआधी ती रेषा दुसरीकडे, तारखेसह नोंदलेली असावी.

तुमच्या शाळेजवळ असा एखादा भराव आहे का? मुलांना घेऊन तो मोजायला जा. तो सपाट होण्याआधी गेलेले बरे.