गाठीला साखर का लागते? शंभर वर्षांचा एक वाद

‘साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल.’ हा निरोप तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. सोबत बहुतेक वेळा एका नोबेलविजेत्या जर्मन शास्त्रज्ञाचा फोटो असतो. घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झाल्याचं कळलं की न्यू जर्सीतल्या मावशीपासून पुण्यातल्या काकांपर्यंत सगळे तो पुढे धाडतात, आणि आजारी माणसाच्या ताटातून भात, पोळी, फळं एकेक करून नाहीशी होतात. निरोपात तथ्याचा एक कण आहे. तो कुठून आला आणि पुढे त्याचं काय झालं, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण ही गोष्ट जिथे जिथे घडली, त्यातली बरीच गावं तुमच्या-आमच्या येण्याजाण्यातली आहेत.

सुरुवात मात्र बर्लिनची. १९२०च्या दशकात तिथल्या डालेम भागात ओटो वारबुर्ग उंदरांच्या गाठींचे कागदासारखे पातळ काप करून काचेच्या दाबमापी उपकरणात ठेवत असे. निरोगी पेशींना प्राणवायू मिळाला की त्या ग्लुकोज पूर्ण जाळतात. गाठीच्या पेशी मात्र प्राणवायू भरपूर असतानाही ग्लुकोज अर्धवटच मोडत होत्या आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या. दही लागताना दुधात जे आम्ल तयार होतं, तेच हे. अशा अर्धवट मोडण्यातून ऊर्जा फारच थोडी मिळते, म्हणून साखर खूप लागते.

काचेतलं हे दृश्य जिवंत शरीरात दिसतं का, हे पाहिलं न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमध्ये एका स्थलांतरित जोडप्यानं. कार्ल आणि गर्टी कोरी मूळचे प्रागचे, १९२२ साली अमेरिकेत आलेले. १९२५ साली त्यांनी एका पंखात गाठ असलेली कोंबडी घेतली आणि दोन्ही पंखांतून परत येणारं रक्त तपासलं. गाठीच्या पंखातून येणाऱ्या रक्तात साखर कमी होती, लॅक्टिक आम्ल जास्त. १९२९ साली त्यांनी आणखी मोठी गोष्ट मांडली: स्नायूंनी टाकलेलं लॅक्टिक आम्ल यकृत उचलतं, त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं आणि रक्तात सोडतं.

इथे थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. यकृत हे शरीराचं कोठीघर आहे. जेवणानंतर ते साखर आत घेऊन साठवतं, उपवासात परत देतं, साठा संपला तर नवी बनवतं. आत घेण्याचं काम ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम करतं. ते मोठं संयमी आहे. रक्तात साखर भरपूर असली तरच जोरात चालतं. परत देण्यासाठी ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम लागतं. दोन्हींची कृती जनुकांत लिहिलेली असते. मग अशा देत्या-घेत्या अवयवात गाठ होते, तेव्हा काय बदलतं?

वारबुर्गचं उत्तर ठाम होतं. पेशीची श्वसनयंत्रणा बिघडते, म्हणून ती आंबवण्याकडे वळते आणि तेच कॅन्सरचं मूळ. १९५६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यानं ते पुन्हा मांडलं. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात फिलाडेल्फियाच्या सिडनी वाइनहाउसनं उलट उत्तर दिलं: गाठींच्या पेशी प्राणवायू व्यवस्थित वापरतात, श्वसन मोडल्याचा पुरावा नाही. वारबुर्गला १९३१ सालचं नोबेल मिळालेलं होतं, तेही श्वसनाच्याच एन्झाइमवरच्या कामासाठी. त्याच्याशी त्याच विषयात वाद घालणं सोपं नव्हतं.

निकाल लागला तो यकृताच्या गाठींवर. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या हॅरल्ड मॉरिसनं उंदरांत यकृताच्या गाठींची एक मालिकाच जोपासली होती. काही अगदी सावकाश वाढणाऱ्या, काही झपाट्यानं. सावकाश वाढणाऱ्या गाठी निर्विवाद कॅन्सरच्या होत्या, तरी त्या लॅक्टिक आम्ल फारसं बनवत नव्हत्या. म्हणजे आंबवणं हे मूळ नव्हे. मूळ असतं तर ते प्रत्येक गाठीत दिसलं असतं. वाइनहाउसच्या प्रयोगशाळेनं एन्झाइम तपासले. सावकाश वाढणाऱ्या गाठींत यकृताचं संयमी ग्लुकोकायनेज शाबूत होतं. वेगानं वाढणाऱ्यांत ते जवळजवळ नाहीसं होऊन त्याच्या जागी हेक्सोकायनेज आलं होतं, जे अगदी थोड्या साखरेतही पूर्ण वेगानं चालतं.

हे हेक्सोकायनेज काही परकं नव्हतं. गर्भातल्या यकृतात ते असतंच. जन्मानंतर ते मागे पडतं आणि ग्लुकोकायनेज पुढे येतं. प्रत्येक पेशीत जनुकांची सगळी पोथी असते. यकृताची पेशी तिला लागणारी पानं उघडते, बाकीची मिटलेली ठेवते. वेगानं वाढणाऱ्या गाठीत मिटलेली पानं उघडली होती आणि उघडी असायला हवीत ती मिटली होती. १९७२ साली वाइनहाउसनं हे एका व्याख्यानात एकत्र मांडलं. दोष श्वसनात नाही, जनुकं चुकीची वाचली जाताहेत, असा त्याचा रोख होता.

पुढचं काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झालं. १९७७ साली अर्नेस्टो बुस्टामांटे आणि पीटर पेडरसन यांनी दाखवलं की यकृताच्या गाठीत हेक्सोकायनेज मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्राला, चिकटून बसतं. ऊर्जा निघते तिथेच बसून ते साखर पकडतं. १९९६ साली पेडरसनच्याच गटाला दिसलं की उंदराच्या अशा एका गाठीत हेक्सोकायनेज २ च्या जनुकाच्या प्रतीच वाढल्या आहेत. २०१८ साली शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गटानं उंदरांच्या यकृतपेशींतून हे जनुक काढलं, तेव्हा रसायनानं घडवलेल्या गाठी कमी झाल्या. पकडलेली साखर फक्त जाळायची नसते, हेही एव्हाना समजलं होतं. नव्या पेशीसाठी लागणारा डीएनए, चरबी, प्रथिनं यांचा कच्चा माल त्यातूनच काढला जातो.

आता पुन्हा गर्टी कोरीकडे. १९३१ साली हे जोडपं सेंट लुईसला गेलं. कार्लला प्राध्यापकपद मिळालं आणि तेवढंच काम करणाऱ्या गर्टीला साधं संशोधन सहायकपद. १९४७ साली दोघांना नोबेल मिळालं, त्याच वर्षी ती पूर्ण प्राध्यापक झाली. रक्ताच्या असाध्य आजारानं ग्रासलेली असतानाही ती काम करत राहिली. १९५२ साली तिनं आणि कार्लनं एका आनुवंशिक आजारानं ग्रासलेल्या मुलांची यकृतं तपासली. साखर साठवून साठवून ती फुगलेली, पण रक्तात साखरेचा दुष्काळ. गंभीर रुग्णांत परत देणारं ग्लुकोज-६-फॉस्फटेज जवळजवळ शून्य होतं. त्याच्या जनुकातला दोष १९९३ साली सापडला.

ही मुलं मोठी झाल्यावर अनेकांच्या यकृतात गाठी होतात आणि त्यातल्या काहींचा कॅन्सर होतो. म्हणजे इथे आधी एका जनुकात बिघाड, त्यातून साखरेची वाट बंद, आणि मग गाठ. पण यांचा उपचार काय आहे, ठाऊक आहे? १९८४ सालापासून त्यांना ठरावीक वेळानं कच्चं मक्याचं पीठ पाण्यात कालवून देतात, कारण त्यातून साखर हळूहळू सुटते. रक्तातली साखर नीट सांभाळली गेली तर गाठीही कमी होताना दिसतात. इथे पिष्ट हेच औषध आहे.

या इतिहासाचा एक उपयोग दवाखान्यातही होतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज देतात. हेक्सोकायनेज त्याला पेशीत अडकवतं आणि गाठ उजळून दिसते. पण यकृताच्या सावकाश वाढणाऱ्या गाठीत परत देणारं एन्झाइम अजून जिवंत असतं, अडकलेलं ग्लुकोज निसटतं, आणि गाठ असूनही दिसत नाही. म्हणून यकृताच्या बाबतीत केवळ पेट स्कॅन स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. डॉक्टर वेगळा सीटी किंवा एमआरआय सांगतात, तो उगाच नव्हे.

आणि तो निरोप? ताटातली साखर बंद केली तरी रक्तातली बंद होत नाही. यकृत ती बनवतं, आणि खायला पुरेसं नसेल तर स्नायूंची प्रथिनं मोडून बनवतं. गाठीतलं हेक्सोकायनेज थोड्या साखरेवरही भागवून घेतं. झिजतो तो माणूस. यकृताच्या कॅन्सरचे रुग्ण आधीच अशक्त असतात; स्नायू गेले की उपचार सोसवत नाहीत. त्यांचं पथ्य डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील, फोनवरचा निरोप नव्हे.

गोडावर लगाम घालायची खरी वेळ त्याच्या फार आधीची आहे. मधुमेह, लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर यांनी यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि आपल्या लोकांत हे तिन्ही सर्रास आढळतात. हिपॅटायटिस बी हे दुसरं मोठं कारण, आणि त्याची लस उपलब्ध आहे. भारतात वाढलेल्या तुमच्या पिढीनं ती घेतली आहे का, आणि तो विषाणू अंगात आहे का, हे एका साध्या रक्ततपासणीत कळतं. पुढच्या वेळी तो निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी त्या तपासणीची चौकशी करा. आणि घरात कुणी आजारी असेल, तर त्यांना पोटभर जेवू द्या.