शाहपासून चेकपर्यंत : एका शब्दाची चार घरे

बँकेत वटतो तो चेक. शर्टाच्या कापडावरचे चौकडे म्हणजे चेक्स. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की चेक, आणि एखादी गोष्ट तपासायची झाली तरी ती ‘चेक’च करायची. या चार अर्थांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा वाटत नाही. प्रत्यक्षात ही एकाच कुळातली भावंडे आहेत आणि त्यांचा मूळपुरुष आहे इराणचा राजा.

भारतातला चतुरंग इराणात ‘चतरंग’ झाला, अरबांकडे ‘शतरंज’. प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला होताच ‘शाह!’ असे पुकारून सावध करण्याचा रिवाज होता. खेळाबरोबर हा पुकाराही युरोपात पोहोचला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत ‘चेक’. ‘चेस’ हे खेळाचे नाव म्हणजे त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन.

मराठीने मात्र हा शब्द युरोपची वाट न धरता फारसीकडून घेतला. ‘शह देणे’, ‘काटशह’, ‘मात करणे’ ही सारी त्याच पटावरची भाषा. ‘चेकमेट’ म्हणजे आपलेच शह आणि मात. (‘मात’ म्हणजे ‘मेला’ की ‘हतबल झाला’, यावर मतभेद आहेत. पटावरचा राजा मारला जात नाही, कोंडला जातो. त्यामुळे दुसरा अर्थ अधिक पटतो.) खुद्द ‘शाह’चे मूळही संस्कृत ‘क्षत्र’शी नाते सांगणारे आहे.

शह बसलेल्या राजाची वाट अडते, म्हणून ‘चेक’ म्हणजे अडवणे, आळा घालणे. अडवून पाहण्यातून पुढे तपासणे आले.

पैशाचा संबंध आला तो बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. परगण्याचा वसूल गोळा करणारा शेरीफ, म्हणजे साधारण आपल्याकडचा कमाविसदार, वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमसला, राजाच्या खजिनदारापुढे हिशेबाला बसे. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170च्या दशकाच्या अखेरीस या दरबाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद मेज, कडेला चार बोटे उंच काठ, वर रेघा आखलेले काळे कापड. पेनी, शिलिंग, पौंड, विसा, शेकडा, हजार असे रकाने. येणे रक्कम सोंगट्यांनी वर मांडायची, भरणा खाली, आणि वजाबाकी सर्वांच्या डोळ्यांदेखत. अक्षरशत्रू शेरीफालाही आपण किती देणे लागतो ते दिसे. बुद्धिबळाच्या पटासारख्या या मेजावरून खात्याला ‘एक्सचेकर’ नाव पडले. फिट्झनीलच्या मते इथली लढत खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होती. गंमत अशी, की भारतातला खेळ इंग्लंडच्या खजिन्याला नाव देऊन गेला, पण वह्यांत आकडे मात्र रोमनच राहिले.

भरण्याची पावती म्हणजे खाचा पाडलेली काठी. हजार पौंडांची खाच तळव्याच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून दोन्ही पक्षांनी एकेक तुकडा ठेवायचा; तुकडे जुळले नाहीत तर लबाडी उघडी. ही पद्धत 1826पर्यंत चालली. 16 ऑक्टोबर 1834 रोजी साठलेल्या काठ्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळताना आग भडकली आणि संसदेची जुनी इमारत बव्हंशी भस्मसात झाली.

जुळवून पाहण्याची युक्ती तोवर कागदावर आली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे हुंडीचे स्थळप्रत म्हणून ठेवलेले अर्धुक, बनावटगिरीला आळा घालणारे. हळूहळू ते नाव हुंडीलाच चिकटले. ब्रिटिशांनी पुढे ‘एक्सचेकर’च्या वळणावर त्याचे स्पेलिंग बदलले, अमेरिकनांनी जुनेच ठेवले. देवनागरीत लिहिताना हा भेद उरत नाही.