आकाशातले डिझेल

१/ मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान घडवले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. स्वतः विमान घडवणाऱ्या प्रत्येकापुढे प्रश्न असतो : इंजिन कोणते? वर्ध्याच्या शेतांत विहिरी उपसणारे डिझेल इंजिन आकाशात का नको?

२/ ते तिथेही पोहोचले होते. १९२८ मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीच्या डिझेल इंजिनावर विमान उडाले. १९३१ मध्ये याच इंजिनाचे बेलांका विमान वाटेत इंधन न भरता ८४ तास ३२ मिनिटे उडत राहिले. तो विक्रम १९८६ पर्यंत टिकला.

३/ तरीही काही वर्षांतच निर्मिती थांबली. डिझेल ठिणगीने नव्हे, दाबाने तापलेल्या हवेत पेटते. तो दाब सोसणारे भाग भक्कम, म्हणून जड. शिवाय धूर आणि कंप. इंधनाची बचत त्या वजनाची भरपाई करते, पण लांब पल्ल्यावरच. म्हणून आधी पल्ला ठरवावा, मग इंजिन.