मरियेची साडी

जोयडा तालुका आम्हा गोवेकरांना परका नव्हे. मोल्याहून अनमोड घाट चढला की आपण त्याच तालुक्यात. (जुन्या माणसांच्या तोंडी अजून सुपाच, सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले.) तिथले कुणबी आपले मूळ गोव्यातलेच सांगतात. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून पूर्वज घाट चढून आले, असे त्यांच्यात पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. त्यांच्यातली एखादी वयस्क बाई खांद्यावर गाठ मारून लुगडे नेसलेली दिसली, की मला १७३६ सालचा इन्क्विझिशनचा फतवा आठवतो. धर्मांतर केलेल्या गोवेकरांपैकी पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, दारात तुळस लावू नये. म्हणजे नुसता देव बदलून भागत नव्हते, अंगावरचे कापडही बदलायला हवे होते.

या कापडाचा वाद दोनशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला, तो एका चित्रकारामुळे. आंजेलो द फोन्सेका हे सांतइस्तेव्ह बेटावरचे, जन्म १९०२ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले युरोपीय वळणाचे शिक्षण त्यांना रुचले नाही. ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परतल्यावर त्यांनी मरिया रंगवली ती सावळी आणि साडी नेसलेली. आणि इथे काहूर उठले. चित्रात ना नग्नता, ना कुचेष्टा. काढणारा स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. तरी धर्मगुरूंना आणि भाटकार मंडळींना ते सहन होईना. मला वाटते, यात दुखावली ती श्रद्धा नव्हे, प्रतिष्ठा. गोऱ्या मरियेशी ज्यांनी आपले कुळ जोडून घेतले, त्यांना ती शेतात राबणाऱ्या बाईसारखी कशी चालावी? फोन्सेका पुण्याला गेले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. हा आश्रम अँग्लिकनांचा! कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो असा दुसऱ्या पंथाच्या घरी. १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कितीतरी मरियांना त्यांच्या पत्नीचा, आयव्ही यांचा, चेहरा आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडले म्हणावे, तर तेही नाही. फिलिपिन्स हा तीन शतके स्पेनच्या टाचेखाली राहून कॅथलिक झालेला देश, म्हणजे एका अर्थी आपला दूरचा मावसभाऊ. तिथे १९३८ साली गालो ओकाम्पो यांनी ‘ब्राऊन मॅडोना’ काढली. मरिया तिकडच्या वेशातली सावळी बाई, मागे नीपाच्या पाल्याने शाकारलेले घर, आणि डोक्यामागच्या तेजोवलयाच्या जागी अनाहाव नावाच्या ताडाचे पान. तिथेही टीकेची झोड उठली. मनिला आणि सांतइस्तेव्ह यांच्यात समुद्र केवढा, पण तक्रार एकच. मनिलात असे वाद नंतरही झाले. २०११ साली मिदेओ क्रूझ यांच्या ‘पोलितेइस्मो’ या मांडणीवरून एवढा गदारोळ झाला की सांस्कृतिक केंद्राला अख्खे प्रदर्शन बंद करावे लागले. पण तिथे पवित्र प्रतिमांची मुद्दाम केलेली मोडतोड होती. क्रूझ यांना वाद हवा होता म्हणा, ओकाम्पो आणि फोन्सेका यांना तो नको होता. भक्ताने भक्तीने काढलेल्या चित्राचा राग यावा, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते ६५) स्थानिक संस्कृतीला दार उघडले. आज ‘ब्राऊन मॅडोना’ मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे, आणि ते विद्यापीठ डोमिनिकन पंथाचे. फोन्सेकांची बरीच चित्रे पर्वरीला जेझुइटांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आली. दोघांनाही शेवटी चर्चच्याच छपराखाली जागा मिळाली, पण ती संग्रहात. आपल्या गावोगावच्या चर्चमधली सायबीण मात्र अजून बहुतेक गोरीच आहे.