चुकीच्या माईकसमोर सत्तावीस आवर्तनं

जुन्या रेकॉर्ड्स जमवणारी दोन माणसं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "फर्स्ट प्रेसिंग आहे का?" म्हणजे ती रेकॉर्ड पहिल्यांदा बाजारात आली तेव्हाची प्रत, की नंतर कधीतरी पुन्हा काढलेली? उत्तर 'पहिली' असं आलं की समोरच्याचे डोळे लकाकतात आणि किमतीत एक शून्य वाढतं. मी रविवारी सकाळी जुन्या बाजारात धूळ खात फिरणारा, पगाराच्या मानाने हौस जास्त असलेला माणूस. त्यामुळे माझ्याकडे अशा प्रती जवळजवळ नाहीतच. पण या प्रश्नामागे एक गृहीतक आहे: प्रत जितकी जुनी, तितकी ती खऱ्या वादनाच्या जवळची. जाझच्या बाबतीत तर हे लगेच पटतं, कारण जाझ म्हणजे तिथल्या तिथे सुचलेलं संगीत. आज ज्या रेकॉर्डबद्दल लिहितोय, ती या गृहीतकाला सुरुंग लावते.

रेकॉर्डचं नाव 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट'. कोलंबिया कंपनीने १९५६ साली काढलेली. ड्यूक एलिंग्टनच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त खपलेली रेकॉर्ड हीच, असं मानलं जातं.

१९५६ मध्ये एलिंग्टनची अवस्था फारशी बरी नव्हती. तिशी-चाळिशीच्या दशकांत ज्याच्या नावावर न्यूयॉर्क हलायचं, तो माणूस १९५५ च्या उन्हाळ्यात पाण्यावरच्या कसरतींच्या शोला साथ करत होता. मोठ्या वाद्यवृंदांचा जमाना संपला होता. पंधरा-सोळा माणसांचे पगार द्यायचे तर रोज कुठे ना कुठे वाजवायला हवं. बहुतेकांनी आपापले वृंद मोडले, याने मोडला नाही. आपल्याकडच्या शेवटच्या काळातल्या संगीत नाटक मंडळ्या आठवा, साधारण तसंच.

आता थोडं तंत्र, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांचा अख्खा ख्याल ज्या तीन मिनिटांत कोंबला गेला, तीच ही तीन मिनिटं. एलिंग्टनने १९३७ साली 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' ही रचना केली, ती तबकडीच्या दोन बाजूंवर विभागून आली. एका बाजूला आवाज उतरत जाणारा भाग, दुसऱ्या बाजूला चढत जाणारा. मध्ये काय? मध्ये तुम्ही उठायचं, तबकडी उलटायची, पिन पुन्हा ठेवायची. घरी हे ठीक आहे. पण स्टेजवर या दोन भागांच्या मधली जागा भरायची कशाने? एलिंग्टनने वेगवेगळ्या वेळी तिथे वेगवेगळ्या गोष्टी घालून पाहिल्या. पन्नाशीच्या दशकात कधीकधी तो तिथे आपल्या एका टेनर सॅक्सोफोन वादकाला मोकळं सोडायला लागला. त्या वादकाचं नाव पॉल गोन्साल्विस.

नाव ऐकून तुम्हालाही वसई किंवा म्हापसा आठवलं असेल. मीसुद्धा आधी तोच शोध घेतला. पण नाही, याचे आईवडील केप व्हर्दे बेटांवरचे आणि हा जन्मला मॅसॅच्युसेट्समध्ये. बेटंही पोर्तुगीजांची आणि गोवाही पोर्तुगीजांचा, म्हणून आडनाव तेच. असो.

७ जुलै १९५६, शनिवार. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड राज्य, न्यूपोर्ट गाव. जॉर्ज वाइनने तिथे १९५४ पासून उघड्यावरचा जाझ महोत्सव सुरू केला होता. आपल्या सवाई गंधर्वसारखाच प्रकार, फक्त स्वेटर आणि मफलर वजा करा. एलिंग्टनचा वृंद संध्याकाळी थोडं वाजवून गेला, तेव्हा त्यातली चार माणसं पोचलीच नव्हती! मग बाकीच्यांचं वाजवून होईपर्यंत यांना ताटकळत बसावं लागलं. पुन्हा स्टेजवर आले तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती आणि काही लोक घरी निघाले होते. महोत्सवासाठी मुद्दाम रचलेली नवी सूट आधी वाजली. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. मग एलिंग्टनने ती १९३७ ची जुनी रचना काढली.

पहिला भाग संपला. गोन्साल्विस उठून पुढे आला आणि सुरू झाला.

ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांनी समेवर यायचं. गोन्साल्विसने अशी सत्तावीस आवर्तनं वाजवली. ३२४ बार, १२९६ मात्रा, सहा मिनिटांच्या वर, न थांबता. मागे फक्त बास, ड्रम आणि अधूनमधून एलिंग्टनचा पियानो. यात कुठे तानांची आतषबाजी नाही. एक साधा झोका आहे, तो हळूहळू मोठा होत जातो. स्टेजच्या कडेला जो जोन्स हा बुजुर्ग ड्रमर गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ठेका धरून बसला होता. सातव्या आवर्तनाच्या सुमारास काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचायला लागली, तिच्यामागे आणखी लोक उठले, खुर्च्यांवर उभे राहिले. सुमारे सात हजारांची गर्दी. काही वेळाने आयोजकांना भीती वाटायला लागली की आता इथे दंगल होते की काय. वाइन कार्यक्रम आवरायला सांगत होता, एलिंग्टन ऐकत नव्हता.

२० ऑगस्टच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन होता. आपला जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला, असं तो पुढे गमतीने सांगायचा. तबकडी उलटताना पडणाऱ्या खंडातून हे सगळं निघालं, हे मला फार आवडतं.

पण आपण रेकॉर्डबद्दल बोलत होतो.

स्टेजवर त्या रात्री दोन वेगळे माईक होते. एक कोलंबियाचा, रेकॉर्ड काढण्यासाठी. दुसरा 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या श्रोत्यांना कार्यक्रम ऐकवणाऱ्या सरकारी रेडिओचा. गोन्साल्विस पुढे आला आणि चुकून रेडिओच्या माईकसमोर उभा राहिला. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर त्याचा सॅक्सोफोन दूरवरून, शेजारच्या वाड्यात कोणी वाजवत असल्यासारखा आला. गर्दी मात्र खणखणीत!

त्यात नव्या सूटचं वादन एलिंग्टनला मनासारखं वाटलं नव्हतं. मग सोमवारी, ९ जुलैला, सगळे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गेले आणि ती सूट पुन्हा वाजवली. निर्माता जॉर्ज अवाकियनने तिला टाळ्या आणि गर्दीचा आवाज जोडला आणि न्यूपोर्टच्या नावाखाली रेकॉर्ड बाजारात आली. ज्या रेकॉर्डला लोक 'लाइव्ह' रेकॉर्डिंगचा मानदंड म्हणत आले, तिच्यात त्या रात्रीचं वादन होतं फक्त चाळीस टक्क्यांच्या आसपास.

मग १९९६ मध्ये, चाळीस वर्षांनी, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रेडिओची टेप सापडली. फिल शाप या जाझच्या इतिहासकाराने (हा माणूस एकेका सेशनच्या तारखा तोंडपाठ सांगायचा) कोलंबियाची आणि रेडिओची अशा दोन्ही टेप जुळवल्या. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन टेपरेकॉर्डर कधीच अगदी एका वेगाने फिरत नाहीत. ज्यांनी दोन सर्व्हरचे लॉग त्यांची घड्याळं जुळत नसताना ताडून पाहिलेत, त्यांना हे दुखणं माहीत आहे. सुरुवात जुळवली तरी पाच मिनिटांनी फरक पडलेलाच असतो. लॉगमध्ये तेवढं खपतं, कानाला मात्र काही मिलिसेकंदांचा फरकसुद्धा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो. म्हणजे सगळं वादन तुकड्या-तुकड्याने ओढून-ताणून बसवायचं. ते त्यांनी केलं. दोन माईक दोन जागी होते, त्यामुळे एक टेप डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवल्यावर चक्क स्टिरिओ तयार झाला, तोही स्टिरिओ एलपी बाजारात यायच्या आधीच्या मैफलीचा. १९९९ साली दोन सीडींचा संच आला. त्यात गोन्साल्विस आपल्यासमोर उभा आहे.

तर आता सांगा, 'ओरिजिनल' कोणतं? १९५६ ची पहिली प्रत, जी महाग आहे आणि निम्म्याहून जास्त स्टुडिओत बनलेली आहे? की १९९९ ची सीडी, जी आज जुन्या सामानात मातीमोल भावाने मिळते आणि मैफलीच्या जास्त जवळ आहे? माझं मत सीडीला. पण अवाकियनला सरळ लबाड म्हणायला जीभ रेटत नाही. त्याने ती रेकॉर्ड काढली नसती तर चाळीस वर्षांनी ती टेप शोधायला कोण गेलं असतं? कव्हरवर खरं लिहायला मात्र काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

असंच २००५ मध्ये पुन्हा घडलं. थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन १९५७ मध्ये काही महिने एकत्र वाजवत होते, पण त्या जोडीचं फारच थोडं ध्वनिमुद्रण हाती होतं. मग त्याच लायब्ररीत, त्याच रेडिओच्या टेपांमध्ये, २९ नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलमधली त्यांची मैफल निघाली. लॅरी ॲपलबॉम हा तिथला कर्मचारी जुन्या टेपांचं डिजिटायझेशन करता करता तिच्यापर्यंत पोचला. ज्यांना आपण बॅकअपची कटकट म्हणतो, त्या कामाला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही :)

मुंबईचं काय? लिऑन ॲबीचा वृंद १९३५ मध्ये ताजमध्ये वाजवायला आला, नंतर टेडी वेदरफर्ड आला, आणि गोव्याहून आलेले वादक त्यांच्या तोडीचं वाजवायला लागले. चिक चॉकलेट रात्री ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांनाही त्यांची साथ असायची. त्या रात्रींतलं आज मुख्यतः उरलंय ते काही ७८ च्या तबकड्यांवर आणि 'अलबेला' (१९५१) सारख्या सिनेमांच्या गाण्यांत. म्हणजे पुन्हा तीच तीन मिनिटं. १९७८ ची पहिली जाझ यात्रा, सनी रोलिन्स, धोबीतलावच्या रंगभवनातली उघड्यावरची गर्दी हे सगळं मी नुसतं ऐकून आहे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातलं संगीतही थांबलं. आणि १९६३ मध्ये एलिंग्टनचा वृंद अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आला, तेव्हा मुंबईतही वाजवून गेला. गोन्साल्विस त्यात होता. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या कोणीतरी तो समोर बसून ऐकला असणार.

न्यूपोर्टचं वादन ऐकणार असाल तर हेडफोन लावून ऐका, आणि १९९९ चंच. गोन्साल्विस सुरू झाल्यावर आवर्तनं मोजायचा प्रयत्न करा. मी आजवर एकदाही सत्तावीसपर्यंत पोचलेलो नाही. पंधरा-सोळाच्या आसपास मोजणं सुटतं, पाय ठेका धरतात, आणि शेजारच्या क्यूबिकलमधला माणूस वळून बघायला लागतो.